मोठ्यानं बोललेले चार आकडे

चूक माझी होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण मला माझी सवय माहीत आहे. आधी परिस्थिती सांगायची, मग गर्दीचं सांगायचं, मग ऐकणाऱ्याकडून ‘जाऊ द्या हो’ म्हणवून घ्यायचं, असं करत करत मी कडेकडेनं निसटून जातो. तर, एका बाईच्या कार्डाचे गुप्त आकडे मी माझ्या दुकानात, माणसं भरलेली असताना, मोठ्यानं बोललो. त्यातून तिचे पैसे गेले. आणि त्याचा आळ माझ्या शेजाऱ्यावर आला, तेव्हा मी गप्प बसलो. भीतीनं गप्प बसलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. भीती थोडीच होती. बाकी सगळा मत्सर होता.

माझं साड्यांचं दुकान वऱ्हाडातल्या मालेगावात, वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेजारचा गाळा त्याचा, तयार कपड्यांचा. सदरे, सूट, शेरवानी, नवरदेवाचा फेटा. त्याचे वडील शिंपी होते. माझे वडील सायकलवर गाठोडं बांधून गावोगाव लुगडी विकायचे. दोघांनी मिळून हे दोन गाळे घेतले आणि मध्ये एकच भिंत घातली, तीही एका विटेची. दोन भिंतींचा खर्च कशाला, आपल्यात लपवायचं काय आहे, असं म्हणाले होते म्हणे.

त्या भिंतीनं मला आयुष्यभर छळलं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. कापडाचं ठाण उलगडल्याचा आवाज, कपबशांचा आवाज, आणि सगळ्यात जास्त त्याचं हसणं. तो पोट हलवून हसायचा आणि गिऱ्हाइकालाही हसवायचा. हशाच्या आवाजावरून मला कळायचं की आता सौदा जमला. दोघांकडे चहा एकाच टपरीवरून, एकाच किटलीतून यायचा. तरी लोक त्याच्याकडे बसून दुसरा कप मागायचे आणि माझ्याकडचा अर्धा टाकून उठायचे. लग्नाचा बस्ता काढायला आलेल्या लोकांना साड्या माझ्याकडून घ्याव्या लागत, पण गाडी त्याच्या दारासमोर उभी राहायची. एकदा अनसिंगची मंडळी वाशिम ओलांडून थेट त्याच्याकडे आली. वाशिमला काय दुकानांचा दुष्काळ पडला होता? मी दोन दिवस जेवताना तेच बोलत होतो. शेवटी बायको म्हणाली, “वरन तरी खा, का त्याच्यातही अनसिंगवालेच दिसून राह्यले?”

मग त्यानं कार्डाचं मशीन घेतलं.

तोवर फोनवरून पैसे पाठवणं सगळ्यांकडे सुरू झालं होतं. पण बस्त्याची रक्कम मोठी असते आणि पुण्याला नोकरी करणारी पोरं आईबापाच्या हातात कार्ड देऊन पाठवायला लागली होती. पेन्शनवाल्यांचाही कार्डावरच भरवसा. त्याच्या हे आधी लक्षात आलं, माझ्या आलं नाही. ते मशीन कसं वापरायचं हे सांगायला बँकेचा माणूस येणार होता. शेजारी मला बोलवायला आला.

“चला शेठ. फुकटचं हाये. समोसाही भेटते म्हने.”

“माल येऊन राह्यला आज,” मी म्हटलं.

माल काही यायचा नव्हता. तो शिकत असताना मी काउंटरवर बसून रिकामा रस्ता बघत होतो. बँकेचा माणूस काय काय सांगतो आहे, तेही भिंतीतून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. मी मुद्दाम पंख्याचं बटण मोठ्यावर केलं.

आमच्याकडे कार्ड देताना माणूस पिनचे आकडेही सांगून टाकतो. पेट्रोल पंपावर, औषधाच्या दुकानात, सगळीकडे तसंच. गाडीवर बसल्या बसल्या हात लांब करून कार्ड द्यायचं आणि आकडे ओरडून सांगायचे. बटणं बारीक, नजर अधू, मागं माणसं उभी. शिवाय दुकानदार म्हणजे घरचाच. त्याच्यासमोर हात आडवा धरून आकडे दाबले, तर त्याला चोर समजल्यासारखं होतं, असं जुन्या माणसांना खरंच वाटतं.

शेजाऱ्यानं ही रीत मोडली. सुताराकडून एक लाकडी खोकं करून आणलं, तीन बाजूंनी बंद आणि वरून अर्धं झाकलेलं. मशीन त्या खोक्यात. गिऱ्हाइकानं स्वतः हात आत घालून बटणं दाबायची, आणि तेवढा वेळ हा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आमच्या दोघांच्या भिंतीकडे. म्हणजे तो दर वेळी तोंड फिरवायचा ते माझ्याकडेच, मध्ये फक्त एक वीट.

कोणी आकडे सांगायला लागलं की तो दोन्ही कानांवर हात ठेवायचा. “मावशी, मले सांगू नका बाप्पा! माह्या पोटात काई राह्यत नाई. माह्या बायकोले इचारा, ईदची साडी तिले आठ दिवस आधी सांगून बसतो.” लोक हसायचे आणि खोक्यात हात घालायचे. त्याचाही एक खेळ झाला. लहान लेकरंही म्हणायची, आजी, मी दाबतो, मी दाबतो.

मीही मशीन घेतलं, दुसऱ्या बँकेचं. शिकवायला माणूस आला, त्याला मी दारातच म्हटलं, येते मले. आणि शेजाऱ्याच्या बरोबर उलटं करायचं ठरवलं. गिऱ्हाइकाला सांगायचो, “इथं खोकं-बिकं काई नाई. तुमी सांगा, मी दाबतो.” म्हाताऱ्यांना ते आवडलं. एक आजोबा म्हणाले, “तिकडं तर मानूस असा तोंड फिरवते, जसं काई सासऱ्यापुढं सून नाहून निघाली.” हा विनोद मी पुढं कितीतरी दिवस माझा म्हणून सांगितला.

दुसरा विनोद मात्र माझाच होता. टपरीवर चहा पिताना समोरच्या फळवाल्यानं विचारलं, त्या खोक्याचा काय उपयोग? मी म्हटलं, “कोनाले माहीत. क्यामेरा बसवला असन आतून.” तो हसला, मीही हसलो. वाक्य तिथंच पडलं असं मला वाटलं. बाजारात टाकलेलं वाक्य पडून राहत नाही, कोणीतरी उचलून घरी नेतं.

त्या लग्नसराईत केनवडच्या नर्सबाई मुलीचा बस्ता काढायला आल्या. त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. आमच्या भागातली कितीतरी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. सोबत मुलगी, होणारी विहीण आणि विहिणीच्या दोन जावा. नवरीसाठी शालू, मानपानाच्या साड्या, सगळं माझ्याकडे झालं. दुकान भरलेलं होतं. दाराशीही माणसं उभी होती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी पर्समधून कार्ड काढलं आणि चष्मा शोधायला लागल्या. तो पिशवीत कुठंतरी तळाशी गेला होता.

“भाऊ, मले ते बटनं दिसत नाईत. तुमीच दाबा. सोपं हाये, माह्या पोरीचं जन्मसाल.” आणि त्यांनी साल सांगितलं, हळूच.

मी ते मोठ्यानं परत म्हटलं आणि एकेक आकडा उच्चारत दाबला. मशीनमधून पावती निघाली.

विहीण बोटांवर मोजायला लागली होती. “म्हंजे पोरगी आमच्या पोराहून मोठी हाये का वं बाई?”

“मोठी?” नर्सबाई म्हणाल्या. “तुमच्या पोराले या हातानं काढलं हाये मी. उलटा होता. मले त्याचं साल शिकवता?”

सगळं दुकान हसलं. विहिणीच्या जावा तर पदर तोंडात घालून हसल्या. नवरी मुलगी लाजून साड्यांच्या ढिगाकडे वळली. आणि मला काय वाटलं ते मी लिहितो, कारण त्याच्याशिवाय ही चूक नीट कळणार नाही. मला वाटलं, आज हशा माझ्या बाजूला आहे. आज त्याला ऐकू जात असेल. तो हशा थोडा अजून टिकावा म्हणून मी हात वर करून, भाषण केल्यासारखं, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात तेच साल पुन्हा म्हटलं. “आयका हो विहीणबाई, नर्सबाईचा दाखला!” लोक पुन्हा हसले. त्या हशात ते आकडे सगळ्यांनी साल म्हणून ऐकले. एकानं मात्र पिन म्हणून ऐकले. दाराशी उभं राहून रुमालानं वारा घेणारा एक माणूस मला आठवतो. तो गिऱ्हाइकासोबतचा असेल असं मला वाटलं होतं. तोच होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

तिथून ती मंडळी नवरदेवाच्या सूटसाठी शेजारी गेली. भिंतीतून त्याचा आवाज आला. “बाई, आधी चष्मा पाहा. मी थांबतो. काई घाई नाई. सूट पळून जात नाई आन् नवरदेवही.” पिशवीतलं सगळं काढून चष्मा शोधण्यात बराच वेळ गेला. मग थोडी शांतता. तो भिंतीकडे तोंड करून उभा असणार.

बस स्टँडवर बाईंची पर्स गेली. पिशवीला ब्लेड मारलेलं होतं. घाबरून त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन केला, त्यानं बँकेला केला, पण कार्ड बंद होईपर्यंत एटीएममधून लग्नाची रक्कम निघून गेली होती.

पिन माहीत असल्याशिवाय पैसे निघत नाहीत, एवढं सगळ्यांना कळत होतं. मग पिन कोणाला कळला? बाई शपथेवर सांगत होत्या, मी कोणाला सांगितला नाही. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्यांनी मला पोरीचं साल सांगितलं होतं, आणि ते विहिणीच्या भांडणात गेलं होतं. शेवटची पावती शेजारच्या दुकानाची होती. आणि तिथं ते खोकं होतं.

“त्याच्यात क्यामेरा हाये म्हने,” दुसऱ्या दिवशी सगळा बाजार बोलत होता. फळवाला मला येऊन म्हणाला, “शेठ, तुमाले तर आधीच माहीत होतं!” त्याच्या आवाजात कौतुक होतं. मी म्हटलं, “मी गमतीनं म्हटलं होतं.” एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी त्यावर चहा प्यायलो.

हवालदार आले. माझ्याकडेही आले.

“कार्ड तुमच्याकडं पन घासलं ना? काई वेगळं दिसलं?”

“गर्दी होती साहेब.”

त्यांनी पुढं विचारलं नाही. त्यांचं लक्ष शेजारी होतं. त्यांनी ते लाकडी खोकं उचललं आणि मोटारसायकलवर, पुढं टाकीवर ठेवून, ठाण्यात नेलं. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोक उभे राहून बघत होते. तो खोक्यामागं चालत ठाण्यात गेला. चौकशी होईपर्यंत बँकेनं त्याचं मशीन बंद केलं. खोक्यात काही सापडलं नाही. पण सापडलं नाही ही बातमी बाजारात चालत येते, आणि नेलं ही बातमी धावत. शिवाय आमच्याकडे असं काही झालं की माणसाच्या नावावरून, मोहल्ल्यावरूनही बोलणं सुरू होतं. ते तसं सुरू होणार हे मला माहीत होतं. एका वाक्यात मी ते थांबवू शकत होतो.

त्या लग्नसराईतले उरलेले बस्ते माझ्याकडे आले, सूटसाठी लोक वाशिमला गेले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. भिंतीपलीकडचं हसणं बंद झालं. आणि मी काय करत होतो? भिंतीला कान लावून बसत होतो. कधी एखादं जुनं गिऱ्हाईक त्याच्याकडे यायचं, नुसतंच बसायचं, त्याचा हात हातात धरायचं, ‘होईन सगळं बरोबर’ म्हणायचं. मला त्याचाही मत्सर वाटला. माझ्यावर असं काही आलं, तर माझा हात धरायला कोण येईल, हे मोजायला मी बसलो आणि बायकोपलीकडे गेलो नाही.

बायकोही त्या दिवसांत माझा पिच्छा सोडत नव्हती. ती त्या दिवशी दुकानात साड्यांच्या घड्या घालत होती. दुपारी जेवायला बसलो की तिचं ठरलेलं. “तुमी बोलले होते ना आकडे? दोनदा बोलले. मी आयकलं.”

“सगळेच बोलतात.”

“सगळे दुसऱ्यावर आळ येऊ देऊन गप्प बसत नाईत.”

“बोललो तर माह्यावर येईन.”

“मंग येऊ द्या. तुमचंच हाये ते.”

मी ताटावरून उठायचो. ती उठवायची नाही.

मग एक दिवस तो माझ्या दुकानात आला. पूर्वी तो आत येण्याआधीच त्याचा आवाज आत यायचा. त्या दिवशी तो चप्पल काढून, गादीच्या कडेला, गिऱ्हाईक बसतं तसा बसला. दाढी वाढलेली. मी चहा मागवला.

“भाऊ,” तो म्हणाला. एरवी तो मला शेठ म्हणायचा, अर्धं चिडवत. “मी अकोल्याले चाललो. साल्याचं दुकान हाये तिथं, त्याच्यासंगं बसीन. गाळा देऊन टाकतो. आधी तुमाले इचारून राह्यलो. मधली भिंत पाडून टाका, तुमचं दुकान झ्याक होईन.”

ती भिंत पाडण्याचं स्वप्न मी कितीतरी वर्षं पाहिलं होतं. कपाटं कुठं लावायची, आरसा कुठं, तेही ठरवून ठेवलं होतं. 

“पोरीचं कॉलेज हाये,” तो म्हणाला. “तिले मैत्रिनी इचारतात, तुह्या अब्बाच्या खोक्यात काय होतं म्हनून. मी काय सांगू तिले? खोक्यात काई नोतं, हे कसं दाखवू?”

चहा आला. त्यानं कप हातात धरला, प्यायला नाही.

“एक गोष्ट मात्र माह्या ध्यानात राहीन,” तो म्हणाला. “पुऱ्या बाजारानं तोंड घातलं. तुमी एकटेच असे निघाले की माह्या मागं एक शब्द नाई बोलले.”

तो उठून गेला. त्याचा कप तसाच भरलेला राहिला. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की मी काही केलं नाही, फक्त गप्प बसलो. पण त्यानं त्या गप्प बसण्याबद्दल माझे आभार मानले होते, आणि मी ते घेतले होते. उघड खोटं बोललो असतो तरी याहून कमी लबाडी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी मोटारसायकलनं केनवडला गेलो. नर्सबाई अंगणात गहू निवडत होत्या. लग्न झालं होतं, माहेरच्या आणि गावातल्या माणसांनी पार पाडलं होतं. मी उभ्यानंच सांगितलं. साल, मशीन, विहीण, दुसऱ्यांदा हात वर करून बोललो ते. त्या ऐकत होत्या, हात सुपात तसाच थांबलेला.

“बाप्पा,” त्या म्हणाल्या. “मीच तर सांगतलं तुमाले. आन् मी त्या मानसाले बाजारभर चोर केलं.” मग त्यांचा आवाज चढला. “आन् तुमी! दोन पावलावर दुकान, आन् तुमाले केनवडले यायले सुचलं? मले कायले सांगता? त्याले सांगा. आन् घरात बोलावून नाई सांगायचं. आज मालेगावचा बाजार हाये. भर बाजारात सांगा. थांबा, चप्पल घालू द्या मले.”

त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या.  

आधी ठाण्यात गेलो. तेच हवालदार होते. त्यांनी माझं बोलणं लिहून घेतलं, मध्येच थांबून मान हलवली. “शेठ, आकडे तर मी पन पंपावर ओरडूनच सांगतो. पन तवा, त्याच दिवशी, हे मले सांगता आलं नसतं का?”  ते खोकं त्यांच्या कपाटावर धूळ खात पडलं होतं. नर्सबाईंनी ते मागून घेतलं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. “घ्या. तुमीच न्या. सगळ्यांले दिसलं पाह्यजे.”

बाईंच्या पैशांचं पुढं मी काय केलं, ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर हे पान माझ्या कौतुकाकडे झुकेल, आणि मला माझी सवय माहीत आहे.

बाजाराच्या गर्दीतून ते खोकं छातीशी धरून मी चालत गेलो. फळवाल्यानं हाक मारली, “काय शेठ, सापडला का क्यामेरा?” मी त्याला म्हटलं, “चल माह्यासंगं, दाखवतो.” तो खरंच आला. टपरीवरचे दोघं-तिघंही मागं आले. आत तो शेरवान्या खोक्यांत भरत होता, अकोल्याला न्यायला. त्याची बायको सुतळी धरून उभी होती. मी ते लाकडी खोकं त्याच्या काउंटरवर, जुन्याच जागेवर ठेवलं. त्यानं आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या माणसांकडे, मग नर्सबाईंकडे. त्याला वाटलं असणार की पुन्हा काहीतरी नवीन निघालं.

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला हुंदका आला. एवढ्या माणसांसमोर रडणारा माणूस दिसला तसं त्यानं काय केलं असेल? त्यानं तोंड फिरवलं. गिऱ्हाईक आकडे दाबतं तेव्हा फिरवायचा तसंच, भिंतीकडे, आमच्या दोघांच्या त्या एका विटेच्या भिंतीकडे. दुसऱ्याचं जे झाकलेलं आहे ते आपण पाहू नये, एवढी एकच रीत त्याला ठाऊक होती.

“भाई, तोंड फिरवू नका,” मी म्हटलं. “हे लपवून ठेवायचं नाई. हे सगळ्यांनी आयकायचं हाये.”

तो हळूहळू वळला.

“बाईचे आकडे माह्या दुकानात बोलले गेले. मी बोललो. एकदा नाई, दोनदा. दुसऱ्यांदा तुमाले आयकू यावं म्हनून बोललो, कारन लोक तुमच्याकडं हसत होते आन् माह्याकडं नाई. खोक्यात क्यामेरा हाये हे पन पह्यलं मीच म्हटलं होतं, या मानसाजवळ. या खोक्यात कवाच काई नोतं. तुमाले ठाण्यात नेलं तवा मी माह्या गादीवर बसून होतो आन् मले सगळं माहीत होतं. काल तुमी म्हनले की मी तुमच्या मागं एक शब्द नाई बोललो. तो एक शब्दच बोलायचा होता भाई, आन् मी बोललो नाई. मी तुमच्यावर जळत होतो. माहं चुकलं. मले माफ करा.”